आजोबांचा तीन सेलचा टॉर्च आता उशाशी उभा करा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. माळा आवरताना आजोबांचा तीन सेलचा पितळी टॉर्च सापडला. वीसेक वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही. सेल आतच फुगून अडकलेत आणि मागच्या झाकणाच्या आट्यांत हिरवट-पांढरं काहीतरी साचलंय. बाजारात दोनशे रुपयांत एलईडीचा टॉर्च मिळतो, मोबाइललाही उजेड आहे. मग ह्याचं काही करता येईल का, की नुसता शोभेला ठेवायचा? आणि शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की सासूबाईंना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, आणि लाइट गेलेले असले की त्या भिंत धरत न्हाणीघरापर्यंत जातात.

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि मला उत्तर तिथेच सापडलं. ह्या टॉर्चचा दिवा करा, उशाशी उभा राहणारा. गेली तीस वर्षं दापोलीच्या बाजूला मी रेडिओ, मिक्सर, पंपाचे स्टार्टर आणि टॉर्च दुरुस्त करतोय. अशा टॉर्चचे दिवे मी बरेच केले आहेत, आणि त्यातले बहुतेक वयस्कर माणसांच्या घरी आहेत.

आधी हे सांगतो की त्याला पुन्हा लांब झोत टाकणारा टॉर्च करायच्या मागे लागू नका. बहुतेक लोक तेच करायला जातात. बल्ब काढतात, एलईडी घालतात, आणि मग "झोतच पडत नाही" म्हणून टॉर्च परत माळ्यावर जातो. कारण साधं आहे. जुन्या बल्बची तार सगळ्या बाजूंना उजेड टाकते. मागे आणि बाजूला गेलेला उजेड बल्बभोवतीची ती चकचकीत वाटी पकडते आणि सरळ पुढे पाठवते. एलईडी मागे उजेड टाकतच नाही, पुढच्या अंगालाच पसरट टाकतो. वाटीच्या हाती फारसं काही लागत नाही. नव्या टॉर्चमध्ये वाटी किंवा भिंग त्या एलईडीसाठीच घडवलेलं असतं म्हणून ते जमतं. तुमच्या टॉर्चमध्ये उजेड पसरणार हे धरूनच चाला, आणि पसरलेला उजेडच जिथे हवा असतो तिथे तो वापरा. गोठ्यात किंवा विहिरीवर जायला हातात वेगळा, झोताचा टॉर्च असू द्या. पावसाळ्यात वाटेवर काय पडलंय ते दहा पावलं आधी दिसलं पाहिजे, आणि ते काम हा दिवा करणार नाही.

आता अडकलेले सेल. इथे घाई करू नका, नळीला पोचा पडला की ती गेली. हातमोजे घाला, नाकाला फडकं बांधा, आणि हे काम अंगणात करा. त्या काळातले सेल जवळपास नक्की जस्त-कार्बनचे असणार: बाहेर जस्ताचा डबा, मधोमध कार्बनची कांडी, भोवती काळी पूड. सेल संपत जातो तसा जस्ताचा डबा आतून खाल्ला जातो, त्याला भोकं पडतात आणि आतला खारट ओलावा बाहेर येतो. तो आम्लधर्मी असतो. म्हणून तो धुवायला खाण्याचा सोडा लागतो. हल्लीचे अल्कलाइन सेल गळले तर उलटं असतं, तिथे लिंबू किंवा व्हिनेगर लागतं. पुष्कळजण सगळ्याला लिंबूच चोळतात आणि मग पितळ अजून का खातंय म्हणून विचारतात.

पुढचं डोकं आणि मागचं झाकण, दोन्ही आट्यांवरचं असतं. झाकण फिरत नसेल तर आट्यांवर कोमट पाण्यात कालवलेला सोडा ओता, पंधरा मिनिटं थांबा, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा झाकणाभोवती गुंडाळून पकड घ्या आणि हाताने फिरवा. पक्कड नको, तिचे दात पितळात कायमचे उमटतात. आधी वाळू दळल्यासारखा आवाज येईल, मग एकदम सुटेल. झाकण निघालं की आत बघा. आतल्या अंगाला एक छोटी चिमटी दिसण्याची शक्यता आहे आणि तिच्यात एक जादा बल्ब. पुष्कळ जुन्या टॉर्चमध्ये ही सोय असायची. तो बल्ब हलक्या हाताने काढून बाजूला ठेवा. डोक्याच्या बाजूने काच, वाटी आणि बल्ब काढून घ्या.

नळी आता दोन्हीकडून उघडी झाली. खालचं तोंड बंद करून आत सोड्याचं कोमट पाणी भरा आणि दोन-तीन तास ठेवा. किंचित फसफसेल, नवसागरामुळे अमोनियाचा वास येईल, पाणी निळसर होईल. घाबरण्यासारखं काही नाही, पण रात्रभर ठेवू नका, कारण तो अमोनियाच पितळ खातो. पाणी ओतून द्या, नळी लाकडावर उभी आपटा, आणि पुढच्या बाजूने लाकडी दांडा घालून सेल मागे ढकला. लाटण्याएवढ्या जाडीचा गोल दांडा बरोबर बसतो. पण स्वयंपाकघरातलं लाटणं नको, ते पुन्हा पोळीला वापरता येणार नाही. ढकलण्याआधी नळीत एका कडेने गेलेली पितळी पट्टी पाहून घ्या. बटणाचा करंट तिच्यातूनच जातो. ती वाकली तर सरळ होते, तुटली तर काम वाढतं. सेल तापवू नका, विस्तवाजवळ नेऊ नका, ड्रिल घालू नका. दोन वेळा सोडा भरूनही हलला नाही तर एखाद्या लेथवाल्याकडे न्या, त्याच्याकडे सेल बाहेर ओढायची साधनं असतात.

निघालेले सेल ओल्या कचऱ्यात किंवा परसात पुरून टाकू नका. जुन्या सेलमध्ये थोडा पाराही असायचा. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असे सेल गोळा करणं ही उत्पादकांची जबाबदारी झाली आहे. शहरात जाणं होईल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, तोवर प्लास्टिकच्या बरणीत झाकण लावून ठेवा.

नळी स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. बाहेरून चमकवायचा मोह होईल. आधी बारीक बघा की तो सगळा पितळीच आहे, की पितळेवर निकेलचा पांढरा थर आहे. हाताच्या घासण्याने झिजलेल्या जागी, म्हणजे बटणाच्या आजूबाजूला पिवळं आणि बाकी रुपेरी दिसत असेल तर तो थर आहे. मग चिंच किंवा पितांबरी लावू नका, उरलेला थरही डागाळतो. नुसतं साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. सगळा पितळी असेल तर मात्र भिजवलेल्या चिंचेसारखं दुसरं काही नाही. कळंक निघून जातो, आजोबांच्या हाताने पडलेली गुळगुळीत जागा तशीच राहते.

आतल्या वीज जाणाऱ्या जागा चमकणं बाहेरच्या चमकेपेक्षा शंभरपट महत्त्वाचं. मागची स्प्रिंग, झाकणाच्या आट्या, ती कडेची पट्टी, बटणाचं टोक आणि बल्बची बैठक ह्या सगळ्या जागा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. पेपर नसेल तर पेन्सिलचं खोडरबरही चालतं. टॉर्च "बिघडला" म्हणून माझ्याकडे येतात त्यातले निम्मे इथेच बरे होतात. तीन सेल मिळून साडेचार व्होल्ट होतात. जुना बल्ब ०.३ अँपिअर घ्यायचा. वाटेत कुठे कळंकाने एक ओहम अडथळा आला तरी ०.३ व्होल्ट तिथेच खर्च. मीटर असेल तर बटण चालू करून पट्टीपासून झाकणापर्यंत मोजा, अर्ध्या ओहमच्या आत आलं की बटण ठणठणीत आहे.

आता सेल कुठले घालायचे. इथे मी थोडा थांबतो, कारण ह्या बाबतीत माझी एक चूक झालेली आहे आणि तिचा भार दुसऱ्याने सोसला.

आधी मी अशा टॉर्चमध्ये लिथियमचा एकच मोठा सेल बसवून द्यायचो. चार्जिंगची पिन मागे काढायची, जादा कुठले सेल लागायचे नाहीत, सुटसुटीत काम. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. आमच्याकडे खांब आडवे झाले, गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात, काही वाड्यांवर तर आठवडेच्या आठवडे. माझ्याकडून असा दिवा करून घेतलेल्या एक आजी होत्या, एकट्याच राहायच्या. चौथ्या रात्री दिवा विझला. चार्ज करायला वीज नाही, आणि दिव्यात दुसरा कुठलाही सेल बसत नव्हता, कारण ती सोय मीच काढून टाकली होती. समोरच्या दुकानात साधे मोठे सेल होते, आणि त्यांचा आजींना काही उपयोग नव्हता. रस्ता मोकळा झाल्यावर मी गेलो तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, दिवा तेवढा पुढे ठेवला. तेव्हापासून मी जो दिवा करतो त्यात दुकानात मिळणारा साधा सेल बसलाच पाहिजे, हा माझा नियम आहे. रोजच्या वापराला चार्ज होणारे सेल आणि अडीअडचणीला साधे, दोन्ही एकाच नळीत.

हे जमतं ते टॉर्चच्या मूळ रचनेमुळे. एका नळीत एकामागे एक सेल, पुढे बल्ब, मागे वाटी, ही रचना डेव्हिड मिझेल ह्यांना जानेवारी १८९९ मध्ये अमेरिकेत मिळालेल्या पेटंटमध्ये आहे आणि आजही तीच आहे. लांबी भरली आणि टोकाला टोक लागलं की काम होतं. सेल जाड की बारीक ह्याची नळीला पर्वा नाही. मोठा सेल ६१.५ मिमी लांब असतो, तीन मिळून १८४.५. पेन्सिल सेल, म्हणजे घड्याळाचा एए सेल, ५०.५ मिमी लांब, तीन मिळून १५१.५. फरक ३३ मिमीचा.

मग असं करा. निकेल मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे तीन पेन्सिल सेल घ्या. पडून राहिले तरी लवकर न उतरणारे, 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेले असतात ते. तिन्ही एका ओळीत ठेवून त्यांच्यावर जुन्या कालनिर्णयची पानं घट्ट गुंडाळत जा, नळीत सैल-घट्ट मधोमध बसेल इतकी जाडी होईपर्यंत. कागदाची कड चिकटवून टाका. आता उरलेले ३३ मिमी. ते भरायला लेथवाल्याकडून ३२ मिमी जाडीच्या पितळी सळईचा ३३ मिमीचा तुकडा कापून घ्या आणि तो सगळ्यात मागे, स्प्रिंग आणि शेवटचा सेल ह्यांच्या मध्ये ठेवा. लोक ह्या जागी कागदी पुठ्ठा आणि खिळा वगैरे घालतात. वीज त्यातूनही जाईल. पण तो पितळी तुकडा सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि ते वजन आपल्याला तळाशीच हवंय. पेन्सिल सेल हलके असतात, टॉर्चचं डोकं जड असतं. तळाशी वजन नसेल तर अंधारात चाचपणारा हात लागला की दिवा आडवा.

ज्या दिवशी लाइट जाऊन बरेच दिवस येणार नाहीत असं दिसेल, त्या दिवशी कागदाची गुंडाळी आणि पितळी तुकडा बाहेर काढायचा, तीन साधे मोठे सेल घालायचे. बाकी काही बदलायचं नाही. दोन्हीत सेलचं टोक बल्बकडेच.

एलईडी एक वॅटचा मणी घ्या, रंग वॉर्म व्हाइट. पांढराशुभ्र नको. रात्री दोन वाजता उठलेल्या म्हाताऱ्या डोळ्यांना तो टोचतो आणि पावसाळ्यात किडेही जास्त ओढतो. जुना उडालेला बल्ब फडक्यात गुंडाळून त्याची काच फोडा, आतलं साफ करा, नुसती धातूची टोपी ठेवा. टोपीच्या तळाचा ठिपका म्हणजे धन, आट्यांची बाजू म्हणजे ऋण. जुन्या बल्बला उलट-सुलट चालायचं, एलईडीला चालत नाही. ठिपक्याला १५ ओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा छोटा तुकडा, जोडा आणि तिथून एलईडीचा धन पाय. ऋण पाय टोपीच्या कडेला. दोन्ही पाय घराच्या वायरिंगमधल्या २.५ चौरस मिमीच्या जाड तांब्याच्या तारेचे करा, म्हणजे एलईडीची उष्णता त्या तारांमधून खाली उतरते. रेझिस्टर टोपीत मावतो, वर एपॉक्सी, म्हणजे कडक होणारा गोंद, भरा.

१५ ओहमच का, तर हिशोब असा. चार्ज होणारे तीन सेल साधारण पावणेचार व्होल्ट देतात, एलईडी स्वतःकडे २.८५ च्या आसपास ठेवतो, उरलेले ०.९ व्होल्ट १५ ओहमवर पडले की करंट ६० मिलीअँपिअर. नवे साधे सेल घातले तर साडेचारच्या थोडं वर, तेव्हा ११०. दोन्ही मणी आरामात सोसतो. रेझिस्टर न घालता थेट जोडला तर नव्या सेलवर एलईडी डोळे दिपवेल, आणि थोड्याच वेळात काळा पडेल. २००० मिलीअँपिअर-तासांचे सेल असले तर तीसेक तास निघतात. रात्रीतून तीनदा दहा-दहा मिनिटं लागला तर एका चार्जवर महिना सहज जातो.

उजेड किती, तर एका मेणबत्तीपेक्षा थोडा जास्त. कागदावर हा आकडा लहान वाटतो. पण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तेवढ्या उजेडात उंबरा दिसतो, चपला दिसतात, पाण्याचा तांब्या दिसतो. आणि मेणबत्ती पडली तर गोधडी पेटते, ती भीती इथे नाही.

आता उभा कसा करायचा. स्लॅबचं घर आणि पांढरं छत असेल तर काम सोपं: टॉर्च शेपटीवर उभा करा, तोंड छताकडे. उजेड छतावरून परतून सगळ्या खोलीत सारखा पसरतो. माझ्याकडची बरीच घरं कौलारू. काळी झालेली कौलं उजेड गिळून टाकतात, खाली काहीच येत नाही. तिथे मी काचेवर श्रीखंडाचा अर्धा किलोचा रिकामा पांढरा डबा पालथा घालतो. दुधी प्लास्टिकमुळे उजेड चारी बाजूंना पसरतो आणि थेट डोळ्यांत जात नाही. डब्याचं झाकण वाया घालवू नका: त्याला मधोमध टॉर्चच्या मानेएवढं भोक पाडून ते मानेत बसवा, डबा त्यात नेहमीसारखा टक करून बसतो.

तळाला बहुतेक टॉर्चला टांगायची कडी असते, त्यामुळे तो सपाट उभा राहत नाही, डुगडुगतो. त्यासाठी अर्धी करवंटी घ्या, जाड आणि मोठी. डोक्यावर सुताराकडून ३८ मिमीच्या आसपासचं भोक पाडून घ्या, कड घासून गुळगुळीत करा, तोंड खाली करून पालथी ठेवा आणि टॉर्च वरून भोकात सोडा. कडी आत मिटून जाते, करवंटीचा घेर टॉर्चला धरून ठेवतो. तुमच्याकडे करवंटी सहज मिळत नसेल तर प्लंबिंगच्या दुकानातला ५० मिमीचा कपलर चिंध्या गुंडाळून चालेल. पण करवंटी जास्त पक्की, आणि हाताला ऊबदार लागते.

सासूबाईंसाठी अजून एक गोष्ट करा. बटण सरकवायचं असतं, आणि अंधारात बोटाला ते पटकन सापडत नाही. बटणाच्या बरोबर खाली करवंटीवर लाखेचा एक जाड ठिपका द्या, किंवा गोंद लावून एक लहान कवडी चिकटवा. आडवं पडल्या पडल्या हात खाली आला की आधी कवडी लागते, तिथून अंगठा सरळ वर गेला की बटण. दोन-तीन दिवस दिवसाउजेडी डोळे मिटून करून बघायला सांगा त्यांना. हाताला एकदा सवय झाली की मग त्या शोधणार नाहीत. दिव्याची जागाही एकच ठेवा. आवरताना कुणी तो कपाटावर नेऊन ठेवला तर इतकी सगळी मेहनत फुकट.

जपणूक फार नाही. चार्ज होणारे सेल महिन्याला चार्ज करा, तीनही एकदमच. साधे सेल घातले असतील तर लाइट आल्याच्या दिवशी बाहेर काढा, "असू देत आत" म्हणू नका. आजोबांचा टॉर्च त्यामुळेच अडकला होता.

आणि तो जादा बल्ब, जो झाकणाच्या चिमटीत सापडला असेल. काचेतून तार अखंड दिसत असेल तर तो चालू आहे. ३.८ व्होल्टचे ते बल्ब आता सहज मिळत नाहीत. चिमटी साफ करून तो पुन्हा तिथेच बसवा आणि झाकण लावा.